खालच्या खोलीतला मुक्काम

४ सप्टेंबर
डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. डाव्या खुब्यातला गोळा आणि त्याची वाटी एकमेकांवर घासून पार खडबडीत झाली आहेत. खुबा बदलावा लागेल, म्हणाले. मी म्हटलं, बदला. ते जरा दचकले. बाकीचे पेशंट आधी रडतात, असं नंतर नर्सकडून कळलं. मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. मुलींना रडू दिलं नाही, मी काय रडणार.
सगळ्यांना जिना चढायला सहा-सात आठवडे लागतात म्हणे. मी तीन धरलेत.

६ सप्टेंबर
मुलगा म्हणाला, आई, ऑपरेशननंतर जिना बंद, तेव्हा खालच्या खोलीत तुझी सोय करू. सूनबाईनं खोली झाडायला काढलीसुद्धा. या घरात माझं माझ्याआधी ठरलेलं असतं.
खालची खोली म्हणजे सासूबाईंची. खुबा मोडला तेव्हा त्यांना याच खोलीत आणून निजवलं, आणि याच खोलीतून त्या गेल्या. मधली सगळी वर्षं पलंगावर. तेव्हा खुबे बदलत नसत, पायाला वजन बांधून ठेवत. पण माझं मत वेगळं आहे. त्यांनी मनानंच हाय खाल्ली. मी रोज सांगायचे, घोटा फिरवा, हात वर, हात खाली. त्या म्हणायच्या, मास्तरीणबाई, तुमच्या शाळेची घंटा झाली का, बघा.
हे गेल्यापासून वरची खोली माझी एकटीची आहे. खालचा मुक्काम तात्पुरता. मुलाला तसं स्पष्ट सांगितलं. हो हो म्हणाला. दोनदा हो म्हणतो तेव्हा तो ऐकत नसतो.

१५ सप्टेंबर
वरून एक छोटी बॅग तेवढी खाली आणली. सूनबाई विचारत होती, तुमचा रेडिओ, पुस्तकं, ती चपटी उशी, सगळंच आणू का? म्हटलं, वेटिंग रूममध्ये कोणी संसार थाटतं का?
शिवणाच्या बाईंचा फोन. शाळेत आमची टेबलं शेजारी होती. त्यांचे दोन्ही खुबे बदलून झालेत, म्हणजे आता त्या तज्ज्ञ. म्हणाल्या, सुरुवातीला मोजेसुद्धा दुसऱ्यानं घालावे लागतात हं, मनाची तयारी ठेवा. म्हटलं, मी वेगळ्या मातीची आहे. त्या हसल्या. त्यांचं शिवणही असंच असायचं, मधूनच उसवणारं.
खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास येतो. सासूबाई गुडघ्यांना लावायच्या. सूनबाईला विचारलं, फरशी कशानं पुसलीस? नुसत्या पाण्यानं, म्हणाली.

१८ सप्टेंबर, हॉस्पिटल
उद्या ऑपरेशन. भीती नाही. वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला सांगितलं की भीती नाही. एकीला दोनदा.

२० सप्टेंबर
झालं. पाठीत इंजेक्शन दिलं आणि कमरेखालचं माझं काही माझं राहिलं नाही. मधे हिरवा पडदा. पलीकडे हातोडी चाललेली. आपल्याच अंगाचं सुतारकाम, दुखत काही नाही, पण डोक्यापर्यंत हलतं सगळं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाणी लावू का? म्हटलं, गाणी नकोत, त्यांना तालात ठोकायला सांगा.
सगळं लख्ख आठवतं. टेबलाच्या पायथ्याशी सासूबाई उभ्या होत्या, तेवढं खरं नाही. भुलीचा परिणाम. नवल याचं की त्या उभ्या होत्या. मी त्यांना उभं पाहिल्याला किती वर्षं झाली.

२१ सप्टेंबर
वॉकर धरून उभी केली. व्यायामाला फिजिओ मुलगी येते. चिमणीएवढी, आवाजही चिमणीचा. तिचे नियम: कमरेत वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या आसनावर बसायचं नाही, निजताना पायांत उशी. नाहीतर नवा सांधा निसटतो. मी म्हटलं, पोरी, मी अख्खी शाळा सरळ रांगेत उभी केली आहे. ती म्हणाली, हो आजी, आज फक्त दारापर्यंत.
आजी!
दारापर्यंत गेले नाही. हॉस्पिटलवाले खोल्या उगाच मोठ्या बांधतात.
डॉक्टर म्हणाले, हाड अपेक्षेपेक्षा ठिसूळ निघालं, मी सांगेपर्यंत जिन्याचं नाव काढायचं नाही. ठिसूळ हा शब्द मला आजवर कोणी लावलेला नाही.

२५ सप्टेंबर
घरी. खालच्या खोलीत. बाथरूममध्ये कमोडवर उंच सीट बसवली आहे, सिंहासनासारखी. राज्य कुठे दिसत नाही. रक्त गोठू नये म्हणून रोज पोटात इंजेक्शन, ते सूनबाई देते. हात हलका आहे तिचा. तिला सांगितलं नाही. मोजे तिनं घातले. माझ्या परवानगीनं.
उद्यापासून व्यायामाचं कडक वेळापत्रक.

२६ सप्टेंबर
वेळापत्रक सोमवारपासून. मध्येच कशाला सुरू करायचं.

२९ सप्टेंबर, दुपार
मुलगा आणि सून कामावर. मदतीला ठेवलेली बाई स्वयंपाकघरात. बाहेर फाटक वाजलं. लगेच खोलीच्या कोपऱ्यातून आवाज आला, कोण आलं गं?
सासूबाईंचा. हुबेहूब. पलंगावरून त्यांना फाटक दिसायचं नाही, म्हणून दिवसभर हेच विचारायच्या. दूधवाला आला तरी, वाऱ्यानं फाटक हललं तरी. मी वरून ओरडून सांगायचे, कोणी नाही हो!
दुखण्याच्या गोळ्यांनी भास होऊ शकतात. गोळ्यांच्या पाकिटातल्या कागदावर तसं छापलं आहे. भास काय विचारतात ते छापलेलं नाही.

३ ऑक्टोबर
गोळ्या मीच बंद केल्या. दुखणं वाढलं. आवाज होता तसाच. गोळ्या पुन्हा सुरू केल्या. हा प्रयोग होता, माघार नव्हे.

७ ऑक्टोबर
फिजिओ चिमणी घरी आली. जिन्याचं विचारलं. अजून नाही, म्हणाली, पण रीत आताच पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. माझ्याकडून म्हणवून घेतलं. म्हटलं, हे काय विसरण्यासारखं आहे?
खोलीत प्लास्टिकची खुर्ची आहे ती चिमणीनं ओढायला घेतली. मी म्हटलं, तिथे नको बसू. का? म्हणाली. मी पलंगाकडे बोट केलं. पलंगाच्या कडेवर बसली बिचारी.

१० ऑक्टोबर
तीन आठवडे झाले. ठरल्याप्रमाणे आज वर जायचं होतं. वॉकर जिन्यात मावत नाही. हा जिन्याचा दोष, माझा नाही.
मदतीची बाई तक्रार घेऊन आली. म्हणाली, आजी, दुपारभर तुम्ही कोण आलं, कोण आलं विचारता, मी हातातलं टाकून धावत येते. म्हटलं, मी नाही विचारत. मग कोण विचारतं? म्हणाली आणि स्वतःच कोपऱ्याकडे बघून आली तशी निघून गेली. तिचे कान तपासून घ्यायला हवेत.

१४ ऑक्टोबर
सासूबाईंशी काय ते एकदा स्पष्ट बोलावं म्हटलं. दार लावून घेतलं. म्हटलं, भुतं नसतात, तेव्हा तुम्ही इथे नाही. पण असलात तर ऐकून ठेवा. मी पडून राहणाऱ्यांतली नाही. ही खोली तुमची, तुम्हालाच लखलाभ.
खुर्ची करकरली. लाकूड करकरतंच. खुर्ची प्लास्टिकची आहे, पण ते असो.
मग त्यांच्यासमोर सगळे व्यायाम केले. घोटा, गुडघा, मांडी. दाखवायला नव्हे. इतर वेळी मी निम्म्यावर सोडते हे खरं, पण आज सोडले नाहीत. समोर कोणी असलं की शिस्त येते, हे मी मुलींना नेहमी सांगायचे.

२० ऑक्टोबर
दाराबाहेर मुलगा-सून बोलत होते. त्यांना वाटतं खुब्याबरोबर माझे कानही गेले. मुलगा म्हणाला, आई आता खालीच राहिलेली बरी, जिन्यात पडली म्हणजे? सूनबाई म्हणाली, त्यांना विचारा तरी. तो म्हणाला, विचारलं की ती नाहीच म्हणणार. वर माझं ऑफिसचं टेबल लावता येईल.
कोपऱ्यातून नुसतं हं आलं. सासूबाईंना माहीत आहे हे कसं होतं. आधी बॅग खाली येते. मग रेडिओ. मग कपाट. मग वरच्या खोलीला माणूस पाहुणा होतो, आणि खाली फाटकाच्या आवाजावर दिवस काढतो.
उद्या, घरात कोणी नसताना. काठी आहे, कठडा आहे, मी आहे.

२१ ऑक्टोबर
मदतीच्या बाईला सुईदोरा आणायला पाठवलं. (शिवणाच्या बाई आयुष्यात एकदा उपयोगी पडल्या.) जिन्यापाशी ताठ उभी राहिले. चढताना चांगला पाय आधी, मनात म्हटलं. आणि तोंडानं काय निघावं? लेफ्ट!
इतकी वर्षं मैदानावर प्रत्येक सकाळी लेफ्ट आधी. माझा डावा पाय हुकमाचा ताबेदार, गेला पुढे. डावा म्हणजे नवा. सगळं अंग त्या पायावर तोलून वर ओढायचं. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण एकदा हुकूम सुटला की मधे पाय बदलायचा नाही, हे मीच शिकवलेलं. लेफ्ट म्हणत, कठड्याला लोंबकळत वळणापर्यंत गेले. तिथे पायानं संप केला. पायरीवर बसले. म्हणजे नेमकं जसं बसायचं नाही तसं. उठता येईना.
वर माझ्या खोलीचं दार दिसत होतं. हात लांब केला तर लागेल असं. खालून आवाज आला. नेहमीचा नाही.
कोण गेलं गं?
कोणी नाही, असं ओरडायला तोंड उघडलं. मग मिटलं.
मदतीची बाई आली ती किंचाळली. मुलगा ऑफिसमधून आला. ओरडला असता तर उलट उत्तर देता आलं असतं. त्यानं नुसता माझा पाय हळूच सरळ केला आणि घसरलेला मोजा वर ओढला.

२२ ऑक्टोबर
एक्स-रे. सांधा जागेवर आहे. डॉक्टर म्हणाले, नशीब. मी म्हटलं, व्यायाम. चिमणीनं विचारलं, आजी, चढताना कोणता पाय आधी? बरोबर सांगितलं. मग काल? म्हणाली. मी खिडकीबाहेर बघितलं.

२५ ऑक्टोबर
कोपऱ्यातून आवाज नाही. वासही नाही. गोळ्यांचा अंमल उतरला असणार. उत्तम.
दुपारी फाटक वाजलं. थांबले. कोणी काही विचारलं नाही. पुन्हा वाजलं. मीच मोठ्यानं म्हटलं, गॅसवाला आलाय. कोणाला सांगितलं, या प्रश्नाला अर्थ नाही.

२८ ऑक्टोबर
फाटक वाजलं आणि कोपऱ्यातून, कोण आलं गं? म्हटलं, कुरिअरवाला. बरं, असं ऐकू आलं.
जेवण चांगलं गेलं आज. सूनबाई म्हणाली, आई, आज चेहरा उजळलाय. व्यायामाचा परिणाम.

४ नोव्हेंबर
डॉक्टरांनी जिना मोकळा केला. मुलगा गाडीत म्हणाला, आई, वरची खोली तुझी तशीच आहे. टेबलाचं मी नुसतं बोललो होतो, तिनं मला सुनावलं. तिनं म्हणजे सूनबाईनं. मी सगळं ऐकलं होतं, हे त्याला माहीत होतं तर.
म्हणजे जिंकले. उद्या वर.

५ नोव्हेंबर
वर गेले. उजवा आधी. एकदाही चुकले नाही. सूनबाई मागे, मुलगा पुढे, माझी मिरवणूकच. मग ते कामावर गेले. माझा पलंग, माझा रेडिओ, माझी चपटी उशी, सगळं जागच्या जागी.
दुपारी फाटक वाजलं. वरच्या खिडकीतून फाटक समोरच दिसतं, कोण आलं विचारावं लागत नाही. समोरचं मांजर होतं. सवयीनं कान देऊन बसले. खालून काही नाही. निघताना सूनबाईनं खालची खोली नीट बंद करून घेतली होती. आत त्या एकट्या. म्हणजे कोणी नाहीच, पण एकट्या.
रेडिओ लावला. बंद केला. मांजर, असं मोठ्यानं म्हटलं. खोलीनं ते तसंच ठेवून घेतलं.
चहाच्या आधी खाली आले. वर ऊन फार येतं.

९ नोव्हेंबर
वर जाणं सोमवारपर्यंत स्थगित. जिन्याच्या पायऱ्या असमान आहेत. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

१२ नोव्हेंबर
सूनबाईनं विचारलं, आई, आज तरी वर झोपणार ना? म्हटलं, जिन्यातला दिवा मंद आहे, आधी तो बदला. म्हणाली, कालच बदलला. म्हटलं, मग कठड्याचं बघा, हलतो. मुलानं जाऊन हलवून पाहिला आणि जिन्यातूनच ओरडला, आई, हलत नाही.
म्हटलं, नीट हलव.