पणजोबांचे धुतलेले रुमाल

३ जून २००६, कायझर्सलाउटर्न

निळी बॅग आज उघडली एकदाची. दोन आठवडे खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींच्या मागे पडून होती. विमानात चालणाऱ्या तेवीस किलोंतले अकरा किलो माझे पणजोबा होते. मीनल म्हणते, "अहो आई, त्यांचं वेगळं तिकीट काढायचं ना!" सून माझी विनोदी आहे. लेक मल्हार नाही.

पाच गठ्ठे. प्रत्येक गठ्ठा जाड सुती चौकोनी कापडात बांधलेला. बाबा याला रुमाल म्हणायचे. जुन्या कचेऱ्यांत कागद असेच बांधत. पणजोबा नरहरपंत आधी बेळगावात वकील, मग धारवाडला सबजज्ज. बाबांनी हे कागद जपले, बाबांनंतर प्रभाने. मी निघाले तेव्हा तिनेच हातात दिले. "तू कॉन्व्हेंटमधली. तुला त्यांचं इंग्रजी वाचता येईल. मला नुसती धूळ झटकता येते."

धाकटी बहीण, पण टोमणा थोरलीचा.

विभावरी म्हणून एक बाई हायडेलबर्गच्या विद्यापीठात जुन्या कायद्यांवर काम करतात. त्या चौदा तारखेला येणार. पसंत पडले तर कागद तिथल्या संग्रहात जातील. बाबांना मी शब्द दिला होता — कोणीतरी वाचेल अशाच जागी देईन.

५ जून

प्रभाचं पत्र आलं. बेळगावची भाड्याची जागा सोडावी लागणार. मालक पाडून नवं बांधतोय. "तुझा पुण्याचा फ्लॅट बंदच असतो. येऊन राहू का? नको असेल तर तसं लिही, मी रागावणार नाही."

रागावेल. आली तर पहाटे पाचला रेडिओ लावेल, माझे डबे आपल्या पद्धतीने लावेल. हे गेल्यापासून मी एकटी राहायला शिकले आहे. कष्टाने शिकले. वाईट वाटतं असं लिहायला, पण आहे ते आहे.

सवडीने उत्तर लिहीन. आधी पणजोबा.

८ जून

काय अक्षर! एकाही ओळीचा तोल गेलेला नाही. आमच्या सिस्टर अगाथांनी पैकीच्या पैकी दिले असते, आणि त्या कोणाला देत नसत.

आज तो निकाल सापडला, ज्याची गोष्ट बाबा सांगायचे. जानेवारी १८८१. नवरा गेल्यावर दिराने एका बाईला घराबाहेर काढलं. पणजोबांनी तिचा राहण्याचा हक्क कायम केला. इंग्रजीत लिहिलंय — जिने या घरात बारा वर्षं चूल पेटवली, तिला आता कोणी पाहुणी म्हणू नये.

यासाठी गावाने त्यांना वर्षभर वाळीत टाकलं. भटजी येईना, न्हावी येईना. तरी माघार नाही. मी ते वाक्य तीनदा मोठ्याने वाचलं. ऊर्जा आठ वर्षांची, तिला काय कळणार. नाक धरून म्हणाली, "आजी, दास श्टिंक्ट!"

येतोच वास. सव्वाशे वर्षांचा.

१० जून

दिवसभर आवराआवर. कोर्टाचे कागद आणि घरगुती कागद सगळे एकमेकांत मिसळले होते. निकालाच्या मध्ये कुंडली, साक्षीच्या मध्ये खोकल्याच्या काढ्याची कृती. बिचाऱ्यांना वेळच मिळाला नसेल. मी वेगळे केले, तारखा लावल्या. घरगुती बरेचसे मोडीत, ते मला वाचता येत नाहीत, तेवढेच तारखेविना शेवटी ठेवले. मल्हारने ऑफिसातून दोन ऑर्डनर, जाड फायली, आणून दिले. काळा कोर्टाचा, लाल घरचा.

रुमाल धुतले. साठ डिग्रीवर, मग इस्त्री. पांढरे शुभ्र निघाले! बाबा असते तर खूष झाले असते.

१४ जून

विभावरी येऊन गेल्या. चाळिशीच्या, मऊ बोलणाऱ्या. ऑर्डनर उघडले, पानं उलटली, मग विचारलं, "काकू, रुमाल कुठे आहेत?"

"धुतले की."

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "रुमालावर काही लिहिलेलं होतं का?"

होतं. कोपऱ्यात, काळ्या शाईने, मोडीत. मला डाग वाटला.

त्यांनी समजावून सांगितलं. माणूस कोणत्या कागदाशेजारी काय बांधतो, त्यातच तो दिसतो. निकालात काढ्याची कृती असेल तर ती चुकून नसेलही. संग्रहात घेताना पहिला प्रश्न हाच विचारतात — मूळ क्रम आहे का? "आल्झो… बघते मी काय करता येईल ते. चोवीसला परत येते." आवाजावरून कळलं, फारसं काही करता येणार नाही.

सव्वाशे वर्षं टिकलेलं मी एका शनिवारात मोडलं. प्रभाने नुसती धूळ झटकली. तिने बरोबर केलं.

१५ जून

काही लिहावंसं वाटत नाही. प्रभाला तर नाहीच.

१७ जून

डोंगरावरच्या स्टेडियममध्ये वर्ल्ड कपचा सामना. गच्च्यांवर झेंडे, रस्त्यात भोंगे. सगळे टीव्हीसमोर. मी खिडकीशी एक कागद उजेडात धरून बसले होते, उगीच. तर त्याला तीन भोकं दिसली. कसरीने खाल्लेली. दोन जवळ, एक लांब.

मग दुसऱ्या कागदावर तीच तीन दिसली, त्याच जागी.

कसर पान बघून थोडीच खाते! ती गठ्ठ्यातून आरपार जाते. म्हणजे ज्यांची भोकं जुळतात ते कागद एकमेकांना चिकटून होते, आणि भोक जिथे बारीक होत जातं तिकडे किडा थांबला. मीनलची विणायची सुई मागून घेतली. आत कोणीतरी गोल केला, घर हादरलं. माझी सुई काळ्या ऑर्डनरमधल्या पानातून लाल ऑर्डनरमधल्या पानात गेली.

२१ जून

चार दिवस जेवणाचं टेबल माझं. बाकीचे सोफ्यावर ताटं घेऊन जेवतात. मल्हार म्हणाला, "आई, हे एखाद्या कॉम्प्युटरला करू दे ना." म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरला कसर लागली की बघू.

दोन गठ्ठे पूर्ण जमले, तिसरा निम्मा. उरलेले जमणार नाहीत, तिथे कसर पोचलेलीच नाही. पण १८८१ च्या निकालाचा गठ्ठा जमला. निकालाच्या लगेच खाली मोडीतले तीन कागद आहेत. काय असतील? अभिनंदनाची पत्रं असावीत. त्यांना अभिनंदन करणारं कोणीतरी असायला हवं होतं.

२४ जून

विभावरींनी भोकांतून सुई घालून पाहिली आणि हसल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! काकू, हा क्रम मी लेखी देऊन मांडीन. घेतील ते." बाबांना दिलेला शब्द राहिला. डोळे भरून आले.

मग त्यांनी ते तीन कागद वाचले. आधी मनात, मग मला.

पहिला, १८८० चा माघ. पणजोबांची धाकटी बहीण गंगू, सासरी विधवा, कोणाकडून तरी लिहवून घेते — दादा, इथे निभत नाही. एका कोपऱ्यात राहीन. घेऊन जा.

दुसरा त्यांचा स्वतःचा कच्चा खर्डा. "हल्ली कामाचा बोजा फार. सवडीने बोलावून घेतो." खाली सही नाही. धाडलेलाच नसावा.

तिसरा आषाढातला. गंगू गेल्याचं पत्र. असलं पत्र घरात कोणी ठेवत नाही, वाचून लगेच फाडतात. आम्हीही फाडतो. हे अख्खं आहे, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. आणि त्याच्यावर, सहा महिन्यांनी, तो निकाल ठेवलेला.

विभावरी म्हणाल्या, "लपवायचं असतं तर जाळलं असतं त्यांनी."

हो. जेव्हा जेव्हा निकाल काढला असेल, तेव्हा खाली गंगू दिसली असेल. तसंच बांधून ठेवलं. गाव वाळीत टाकत होतं त्या वर्षी ते कोणाला घाबरणार होते? मला ते कालपेक्षा आज जास्त मोठे वाटतात. आणि त्यांच्यासाठी फार वाईट वाटतं.

२५ जून, सकाळ

पत्र लिहिलं नाही. फोन केला. म्हटलं, "प्रभा, किल्ली समोरच्या सुलेखाकडे आहे. मी यायची वाट बघू नकोस, या आठवड्यातच जा."

तिने सुलेखाचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाली, "रेडिओ आणला तर चालेल?"