बेटावरची गौर

पुणे, ११ ऑगस्ट २०२५

ती. राहीआत्यास,
माधवीचा शि. सा. न.

फोनवर तू "बघू गं" म्हणून विषय मोडतेस, म्हणून लिहिते आहे. गावात सगळ्यांकडे तेरड्याची गौर येते, तुमच्या घरी मात्र खाडीतल्या बेटावरची, जांभळ्या फुलांची. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांबरोबर कशेळीपर्यंतचा किनारा पालथा घातला, बाकीची बेटंही पाहिली. हे झाड दुसरीकडे कुठेच नाही. आणि बेटावरही आता मूठभरच उरलंय. त्याचं बी गणपतीनंतर धरतं आणि आपण त्याआधीच ते मुळांसकट उपटतो. यंदा आणू नकोस.

रागावलीस तरी खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण माझ्यासाठी ठेव. आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी,
माधवी

अंजूर, १७ ऑगस्ट

चि. माधवीस अ. उ. आ.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. सासूबाईंनी जाताना हा मान माझ्या हाती दिला. त्यात यंदा मितेशच्या ऋतिकाचा पहिला ओवसा. नव्या सुनेनं ओवशाची सुपं कुणापुढं धरायची? घरची गौर तिच्या पहिल्याच वर्षी बंद झाली तर लोक तिच्याच पायगुणाला बोल लावतील. पोर आधीच गप्प गप्प असते. शिकलीस त्याचा अभिमान आहे, पण आम्ही काय झाडाचे वैरी? मी गौर आणणार.

वेळेवर जेवत जा, आणि आत्याला विसरू नकोस.

राहीआत्या

अंजूर, ३ सप्टेंबर

चि. माधवीस अ. उ. आ.

गौर घरी आली नाही. आवाहनाच्या दिवशी भरतीला होडी काढली, ऋतिकाला सोबत घेतलं. झाडं मोजकीच होती, तुझं खरं निघालं. तरी वाकून एकाच्या बुडाला हात घातला. तेव्हा ऋतिका मागून म्हणाली, "आई, मला पन मुळांसकट उपटून आनलंय. हिला तरी ऱ्हाऊ द्या इथंच."

लग्नापासून ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. माझ्यानं हात पुढं नेववला नाही. दुसऱ्या दिवशी सुपं बेटावर नेली आणि चिखलात उभं राहून ओवसा केला. गावातल्या बायका बोलल्या. घरी येऊन सासूबाईंच्या तसबिरीपुढं मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

लग्न झाल्यापासून ऋतिका माहेरी गेली नव्हती. कधी पाहुणे, कधी घरातलं काम, मीच अडवत होते. काल गौरी गेल्यावर तिच्या आईला फोन केला. उद्या मितेश तिला शहापूरला सोडून येईल. परत कधी येणार, ते मी विचारलं नाही.

तू ये. कालवण ठेवते.

राहीआत्या