मंडपातली खडी

प्रिय बारक्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून फुरंगटून बसला असशील. बैस. मला जेवायची शुद्ध नव्हती. मंडप एकदाचा उभा राहिला, बुधवारी उद्घाटन आहे. आपलं ते कुंपणापलीकडचं रान सुरुंग काढून साफ केलं आणि तिथेच हे स्मारक बांधलं. सुरुंगांनी मेलेल्यांची आणि अधू झालेल्यांची सगळी नावं भिंतीवर कोरलीत. तुझंही आहे, डावीकडे तिसऱ्या ओळीत. सिमेंटचा कण वापरलेला नाही. भिंती तिथल्याच मातीच्या, कुटून बसवलेल्या; छप्पर बांबूचं; आणि खाली फरशी न घालता सुटी खडी, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरेल. आराखड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांनी त्या खडीचं इतकं कौतुक केलं की मला माझाच हेवा वाटला.

गेल्या आठवड्यात दहा सुरुंगग्रस्त मंडप बघायला आले. पहिल्याच बाईची कुबडी खडीत चार बोटं रुतली आणि ती तोंडावर आपटली. मागच्या माणसाची चाकाची खुर्ची दारातच अडकली. बाकीचे बाहेरूनच बरं बांधलंय म्हणाले आणि चहा पिऊन गेले. ज्यांच्यासाठी मंडप त्यांनाच आत जाता येत नाही! दोन वर्षं नकाशांवर मान मोडली, तुझी सख्खी बहीण असून हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हस, पोटभर हस. मुकादम मात्र हसला नाही. मधून मुरूम कुटून पक्की वाट करू, दोन दिवसांचं काम आहे, असं तो म्हणाला.

ती बाई उठायला धडपडत होती तेव्हा मला तू दिसलास, नऊ वर्षांचा. माझी ओढणी वाऱ्याने उडून तारेपलीकडच्या झुडपात अडकली होती. धोक्याची लाल पाटी तुला वाचता येत होती. तू थांबलास, वळून माझ्याकडे बघितलंस. मी तेरा वर्षांची घोडी, तुला भागूबाई म्हणाले आणि टाळ्या पिटल्या. मग तू गेलास. दवाखान्यात आईने विचारलं तेव्हा पाय नसलेला तू म्हणालास की मी आपणहून गेलो, ताई तिथे नव्हतीच. त्या दिवसापासून तू मला आवडेनासा झालास. चिडला असतास, शिव्या दिल्या असत्यास, तर मी जन्मभर तुझी सेवा केली असती.

आता खरं सांगते. मुकादमाला वाट करू नको म्हणून मीच बजावलं. बाकीच्यांसाठी बाहेर सावलीत खुर्च्या मांडतोय, त्यांची काळजी करू नकोस. बुधवारी मला भाषणात तुझी गोष्ट सांगायची आहे. तू हट्टाने तारेखालून शिरलास आणि मी मागून नको नको म्हणून ओरडत होते, अशी ती गोष्ट आहे. परीक्षकांना मी हीच सांगितली होती, पेपरातही छापून आली. तू समोर बसशील, ऐकशील आणि काहीच बोलणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तेच मला सोसायचं नाही. म्हणून तू येऊ नकोस. आईला मी सांगितलं की खडीवर कुबड्या रुतताहेत, त्याला त्रास नको. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, किती गं जपतेस त्याला.

तुझीच, एवढं तरी खरं,
ताई