मंगळवारचे लाल टॅग

४ मार्च, मंगळवार
कारखान्याला साप्ताहिक सुट्टी. मन शांत. राग नाही.
मुलीने इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून हॉटेलात पास्ता शिजवायची नोकरी धरली आणि मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली, त्याला आज चार महिने झाले. तिचं नाव या घरात काढायचं नाही हा नियम मी केला आहे आणि तो सर्वांना सारखा लागू आहे. सर्व म्हणजे मी आणि बायको. आधी ती बोलेल, मग मी. तत्त्व म्हणजे तत्त्व.
दुपारी सहज बाहेर जेवावंसं वाटलं. पाय त्याच हॉटेलकडे वळले, कारण बस थेट त्याच्या दारात थांबते. पहिली बस नाही, बदलून घ्यावी लागते ती दुसरी.
मेनूवर 'आशियाई पास्ता'. म्हणजे इटलीच्या शेवया, त्यावर सोया सॉस, आलं, तीळ आणि कांद्याची पात. ना धड इकडचं, ना धड तिकडचं. अर्धवट सोडलेल्या डिग्रीसारखं. खायला दोन काड्या दिल्या. काटा मागितला तर चष्मेवाल्या वेटरने असा आणून दिला, जसा कोणी म्हाताऱ्याला हात देतो. मी सत्तेचाळीसचा आहे.
चव भिकार. आल्याचे तुकडे बोटभर. मीठ नाही. डोकं फिरलं. पाण्याचे मीटर तपासण्यात माझी एकोणीस वर्षं गेली आहेत. खराब मीटरला लाल टॅग, चांगल्याला हिरवा. शर्टाच्या खिशात टॅग होतेच. लाल काढून लिहिलं : 'आलं जाड. मीठ कमी. नापास.' तारीख घातली आणि दोऱ्याने काट्याला बांधून प्लेट आत पाठवली.
कारखान्याचा टॅग खासगी कामाला वापरला. हे बरोबर झालं का? उद्या स्टोअरकीपरला सांगून टाकायचं.

५ मार्च
स्टोअरकीपर रजेवर.

११ मार्च, मंगळवार
जाणार नव्हतो. पण तक्रार करून सुधारणा झाली की नाही हे न पाहणं म्हणजे बेजबाबदारपणा. बायकोला म्हटलं, वाचनालयात जाऊन येतो. ती म्हणाली, जा ना, सावकाश ये. इतकी समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं.
आलं बारीक! मीठ बेताचं! म्हणजे तिने अक्षर ओळखलं. माझ्या अक्षरातला 'ठ' तिला लहानपणापासून ठाऊक आहे. पण नुसतं ओळखून काय उपयोग? बाहेर येऊन बोलायला तोंड नाही का? संताप झाला. लाल टॅग : 'मशरूम चिवट. नापास.'
घरी आलो तर ओट्यावर दोन ताटं धुऊन पालथी घातलेली. बायको म्हणाली, आज फार भूक लागली होती. भूक लागली म्हणून कोणी दोन ताटांत जेवतं का? एकटेपणाने असं होत असावं. पोरीने आईची काय दशा केली आहे!

१८ मार्च, मंगळवार
सकाळी अकरालाच बायकोने विचारलं, आज नाही का जायचं? छत्री हातात दिली. बाहेर ऊन रणरणत होतं.
मशरूम मऊ. पण आज मिरची इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. कानांतून वाफ. तीन ग्लास पाणी प्यायलो तरी जीभ पेटलेली. वेटर म्हणाला, काका, कमी तिखट सांगायचं होतंत. त्याला काय कळणार! ही मिरची नव्हती. चार महिने पोटात ठेवलेली आग होती. शेवटी बोलली एकदाची, पण कशी? बापाचं तोंड भाजून! मी काय वाईट सांगितलं होतं? एवढंच ना, की एक वर्ष राहिलंय, काढ. आणि वर, या घरात राहायचं तर माझ्या म्हणण्याने. दुसरं वाक्य बोललो नसतो तरी चाललं असतं. की चाललं नसतं?
लाल टॅग : 'तिखट पोचलं. नापास.'

२० मार्च
सोफ्याच्या फटीत केसांची निळी क्लिप सापडली. बायको म्हणाली, माझीच आहे. तिचे केस कानापर्यंतही येत नाहीत. वाढवायचे असतील. विचारलं नाही. मी बायकोच्या गोष्टीत ढवळाढवळ करणारा नवरा नाही.
स्टोअरकीपर कामावर आला होता. घाईत दिसला.

२५ मार्च, मंगळवार
आज लसूण नाही. अजिबात नाही! लसणाने मला पित्त होतं हे जगात दोन माणसांना माहीत आहे, आणि त्यातलं एक घरी बसलेलं होतं. पण विरघळणाऱ्यांतला मी नाही. लाल टॅग : 'लसूण नाही. का नाही? नापास.'
वेटरने वाकून सांगितलं, स्वयंपाकघराची विनंती आहे, काकांनी दुसऱ्या एखाद्या वारी यावं. पाहा! बाप समोर बसलेला सोसवत नाही. मी म्हटलं, मला सुट्टी मंगळवारचीच असते. इतर गिऱ्हाईकं माझ्याकडे बघत होती. बघोत.
बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटतं मी वाचनालयात जातो. फसवणूक आहे, पण हेतू शुद्ध आहे.

३१ मार्च
रात्रभर विचार केला. एकोणीस वर्षांत मी एकही चांगला मीटर आकसाने नापास केलेला नाही. मग पोटच्या पोरीला तेवढाही न्याय नको? उद्या पास्ता योग्य असेल तर हिरवा टॅग. योग्य असेल तरच. सवलत नाही.

१ एप्रिल, मंगळवार, दु. १.५०
पास्ता उत्तम. आलं, मीठ, तिखट, सगळं जागच्या जागी. प्लेट चाटायची बाकी ठेवली. हिरवा टॅग काढला. लिहिलं : 'पास. आता घरी यायला हरकत नाही.' आत पाठवला. शर्ट नीट केला. डोळे पुसले.

दु. २.०५
स्वयंपाकघराचं दार उघडलं. पन्नाशीचा एक आडव्या बांध्याचा, मिशीवाला माणूस बाहेर आला. हातात माझा टॅग. अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, कोणाच्या घरी?
मी म्हटलं, हे तुमच्यासाठी नाही. तो भडकला. म्हणाला, चार आठवडे तुमच्या लाल चिठ्ठ्या मी वाचतोय, तुमच्यासाठी आलं किसतोय, लसूण संपला तर त्याचाही जाब देतोय, आणि हिरवी आली तर ती माझी नाही? मी विचारलं, इथे एक मुलगी पास्ता करते ना? तो म्हणाला, करते की, झकास करते. पण मंगळवारी तिची सुट्टी. आईकडे जेवायला जाते.
टॅग परत मागितला. नाही दिला.

दु. ३.१५
घरी आलो. तिच्या चपला दारातच दिसल्या. ती माझ्या खुर्चीवर पाय वर घेऊन जेवत होती. बायको वाढत होती. हातातला डाव तसाच राहिला. कोणी बोलेना. नियम माझाच.
शेवटी ती म्हणाली, बाबा, हात धुऊन या, गरम आहे.
म्हणजे आधी ती बोलली. तत्त्व शाबूत.
मग मी तोंड सोडलं. दोघींवर. माझ्या पाठीमागे, माझ्याच घरात! बायको म्हणाली, नाव काढायचं नाही असा नियम होता, जेवायला घालायचं नाही असा नव्हता. पोरीला विचारलं, टॅगवाला मी आहे हे तुला माहीत होतं? म्हणाली, दुसऱ्याच आठवड्यात कळलं. आमच्याकडे तुम्हाला मीटर म्हणतात. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मंगळवारी घरी बसला असता. मग मी कुठे जेवले असते?
हात धुऊन ताटावर बसलो.
जाताना म्हणाली, मिशीवाल्या उस्तादांनी मालकाला निर्वाणीचं सांगितलंय, त्या मीटरसाठी मंगळवारी ते शेगडीपुढे उभे राहणार नाहीत. पुढच्या आठवड्यापासून मंगळवार माझ्याकडे, सुट्टी गुरुवारी.
गुरुवारी मी कारखान्यात असतो. बायको ताटं धूत राहिली. तिन्ही. माझ्याशी बोलली नाही.

४ एप्रिल
स्टोअरकीपरला टॅगांचं सांगितलं. म्हणाला, अहो, फाटक्या खोक्यातले, टाकूनच द्यायचे आहेत, घ्या हवे तेवढे. महिनाभर जीव टांगणीला लावला, तो यासाठी!

८ एप्रिल, मंगळवार
सगळं ठरवून गेलो. हिरवा टॅग घरूनच लिहून नेला. तपासणीआधी निकाल लिहायचा नसतो, एकोणीस वर्षांत कधी लिहिला नाही. लिहिला.
प्लेट आली. दाराच्या गोल काचेतून पांढरी टोपी दिसली. तीच. बघत होती.
पहिला घास घेतला. खारट. मला वाटलं, माझाच राग असेल. दुसरा घेतला. राग नव्हता, मीठच होतं. सोया सॉस घातल्यावर वर पुन्हा मीठ घालायचं नसतं, हे मिशीवाल्याला कळत होतं. एका खिशात हिरवा, दुसऱ्यात लाल. हिरवा लावला तर मी खोटा. लाल लावला तर ती गेली.
टोपी अजून काचेत.
सगळा खाल्ला. एक शेवई ठेवली नाही. काट्याला काहीच न बांधता प्लेट आत पाठवली. वेटर थांबून राहिला. विचारलं, काका, आज चिठ्ठी? म्हटलं, टॅग संपले.

दु. ३.३०
बायकोने आठवड्यात पहिल्यांदाच तोंड उघडलं. विचारलं, कसा होता?
म्हटलं, पाणी दे. आणखी दे.