चंद्रावर एसटीचा हॉर्न

११ जाने., शनि.

तर तेरा नाही, चौदा. आजपर्यंत मीच सगळ्यांना तेरा सांगत होते आणि सकाळी मीच कॅसेट-डिस्क जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं की चौदा. त्यामुळे सगळे माझ्यावर तुटून पडलेत.

स्टे.१७ म्हणजे ‘स्टेशन सतरा’, इंग्रजी पिक्चर. चंद्रावरची खाण, बिघडलेलं मशीन, एकटी उरलेली मेकॅनिक बाई. भारतात तो घरी बघायला कुठल्या कुठल्या रूपात निघाला याची यादी मी तीन वर्षं करतेय. जुन्या व्हिडिओ कॅसेट दोन. हिंदी व्हीसीडी (दोन डिस्कची, ऐन मारामारीत पहिली संपते). डीव्हीडीच आठ. ती ब्ल्यू-रे, ज्यात सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसतात. परवा आलेली फोर-के, ज्यात चंद्राची माती निळसर केलीय आणि कोणी विचारलं तर म्हणे आधीपासून तशीच होती. एकूण तेरा.

आज लवळ्याला कॉलेजला जाताना पोपटकाकांची रिक्षा. कॅम्पसच्या अलीकडे रस्ता खोदलाय. मी विचारलं, पुढे जाता येईल का. काका मागे न बघताच म्हणाले, “जाशील कुटं? पुढं समदा चंद्रच हाय.”

मी गार. हे पिक्चरमधल्या मशीनचं वाक्य आहे. इंग्रजीत जवळजवळ शब्दाला शब्द हेच. हिंदी डबमध्ये नाहीये, तिथे मौत-बिउत काहीतरी आहे. म्हणजे काकांनी हे हिंदीतून उचललेलं नाही. विचारलं तर म्हणाले, कॅसेटवर बघितलाय, मराठीत. समद्या पिरंगुटानं बघितलाय.

अ‍ॅडमिनचं म्हणणं, मराठी रिलीज नाहीच. मागच्या वर्षी एकाने खोटी कव्हर छापून सगळ्यांना गंडवलं होतं, म्हणून आता नियम कडक. एक महिन्यात आवाजासकट पुरावा दे, नाहीतर तुझी यादीच काढतो. पूर्ण यादी. तीन वर्षं. आणि वर मला ‘ब्रो’ म्हणाला. नाव सना लिहिलंय समोर, तरी.

१२ जाने., रवि.

अब्बांचं आत्ता हार्डवेअरचं दुकान आहे तिथेच पूर्वी व्हिडिओ लायब्ररी होती. हे मला माहीत होतं, पण त्यापलीकडे कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. मराठीतली स्टे.१७ होती का तुमच्याकडे?

म्हणाले, इंग्लिश पिक्चर आपन ठेवतच न्हवतो.

आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दीड इंचीऐवजी तीन इंची स्क्रू दिले. अब्बा. जे हाताने तोलून माप सांगतात. तो माणूस परत आला तेव्हा त्याच्यावरच खेकसले.

काहीतरी आहे.

१४ जाने., मंगळ.

शिंदेकाकू तिळगूळ घेऊन आल्या. त्या आमच्या शेजारच्या, इथेच जन्म गेला. अम्मी अजून शाळेतून यायची होती (ती पौडला शिक्षिका आहे, आज शाळेत हळदीकुंकू), म्हणून मी चहा ठेवला आणि हळूच विषय काढला.

काकूंनी कप खाली ठेवला आणि थेट आवाज काढून दाखवला. आधी मशीनचा: जाशील कुटं, पुढं समदा चंद्रच हाय. मग बाईचा: “मंग चंद्रावर ऱ्हाईन. तुझ्याजवळ न्हाई.” म्हणाल्या, नवऱ्याशी भांडण झालं की आम्ही बायका हेच म्हणायचो. आमच्या ह्यांना अजून राग येतो.

मी विचारलं, बाईचा आवाज कोणाचा होता? काकूंनी कप पुढे सरकवला. मग म्हणाल्या, “ते तुझ्या अब्बालाच इचार बाई. मी न्हाई सांगायची.” आणि अर्धा चहा सोडून गेल्या. शिंदेकाकू चहा सोडत नाहीत.

म्हणजे १) कॅसेट होती. २) अब्बा खोटं बोलले. ३) कोणीतरी बाई होती.

तिसरा मुद्दा लिहून बराच वेळ बघत बसले.

१८ जाने., शनि.

ग्रुपवर चेष्टा चालूच. एक जण: घरच्या काकाला माईकवर बोलायला लाव आणि अपलोड कर, ब्रो. हसणारे चोवीस.

पोपटकाकांकडून पुढचा धागा. लायब्ररी बंद केली तेव्हा अब्बांनी दोन पोती भरून कॅसेट माझ्या मामींच्या माळ्यावर टाकल्या होत्या, आणि चार वर्षांपूर्वी कोळवणच्या एका फार्महाउसवाल्याने त्या ‘सजावटीसाठी’ नेल्या. पोती रिक्षात घालून काकांनीच पोचवली होती. फार्महाउस पुण्यातल्या कोणा आर्किटेक्टचं. उद्या जाते. घरी सांगितलंय, मैत्रिणीकडे.

आता मीपण खोटं बोलायला लागले. घरातच शिकतोय माणूस.

१९ जाने., रवि.

स्कूटीवर कोळवण. केअरटेकरने दार उघडलं आणि मी बघतच राहिले. हॉलची एक अख्खी भिंत कॅसेटची. चिकटवलेल्या. सिलिकॉनने. बाथरूमच्या फरशीला लावतात तसं. दीडशे तरी असतील, कणे (नाव लिहितात ती बाजू) बाहेर, मधे पिवळा लाइट.

मालकाला फोन लावला. माणूस बरा निघाला. म्हणाला, घेऊन जा, पण भोक दिसता कामा नये, दुसरी बसव. केअरटेकर शिडी धरून उभा, मी एकेक कणा वाचत. वरून चौथी ओळ. निळ्या बॉलपेनने, अब्बांच्या अक्षरात: स्टे. १७, मराठी, आवाज २.

सुरीने खरवडून काढायला पाऊण तास. तिच्या जागी माझ्याकडची एक रिकामी कॅसेट बसवली. केअरटेकर म्हणाला, “ताई, एवढं काय हाय त्यात?” मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

२५ जाने., शनि.

कॉलेजच्या मीडिया लॅबमध्ये एकच व्हीसीआर चालतो. बुरशी होती, लॅबच्या सरांनी कापसाने पुसून दिली आणि लॅपटॉपवर उतरवायची जोडणीही करून दिली. दुपारी लावली.

कशी केली ते पाच मिनिटांत कळलं. दोन व्हीसीआर जोडून चित्र एकातून दुसऱ्यात घेतलंय, आणि आवाजाच्या जागी माईक. त्यामुळे म्युझिक नाही, धडाम-धुडूम नाही. मारामारीत नुसता पंखा ऐकू येतो. चंद्रावर जिथे हवा नाही, आवाज नाही, तिथे एसटीचा हॉर्न. दुकान स्टँडला लागूनच होतं ना. मी एकटीच हसत होते.

मशीनचा आवाज अब्बांचा. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, पण त्यांचाच.

आणि बाई.

काय बोलते ती. फटाफट, ठसक्यात, एक वाक्य खाली पडू देत नाही. इंग्रजीत मेकॅनिक जिथे नुसती श्वास घेते तिथेपण ही काहीतरी बोलून घेते. मशीनला म्हणते, “तुझ्या आयला तेल घाल.” एका ठिकाणी दोघांना हसू फुटतं आणि तसंच ठेवलंय. मशीन आणि बाई, समोर प्रेत पडलंय, आणि दोघं हसतायत.

अम्मी नाही ही. अम्मी सावकाश बोलते, आधी वाक्य मनात लिहून मग वाचल्यासारखी. घरातसुद्धा ‘आहे’, ‘नाही’. कधी ‘हाय’ नाही. अम्मीला मोठ्याने हसताना मी किती वेळा ऐकलंय, आठवत नाही.

पुरावा मिळाला. आणि मला तो नकोय.

२९ जाने., बुध.

चार दिवस अब्बांवर नजर. फोन आला की बाहेर जाऊन बोलतात (रेंज नसते, माहीतय, तरी). काल शुक्रवारसाठीचा शर्ट मंगळवारी घातला. लिहिताना कळतंय की हा वेडेपणा आहे.

अम्मीला काही माहीत नसेल तर? शिंदेकाकूंना माहीत, पोपटकाकांना बहुतेक माहीत, अख्ख्या गावाला माहीत आणि अम्मीला सोडून—

३१ जाने., शुक्र.

दुकान बंद करताना विचारलंच. कॅसेट मिळाली हे सांगितलं. अब्बा शटर अर्धं धरून थांबले. रागावले नाहीत. कुठे मिळाली, खराब झाली का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ती बाई कोण?

“होती एक.” मग शटर पूर्ण ओढलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. “लई बोलायची.”

बास. आणि घराकडे चालायला लागले.

होती एक. हे कोणी आपल्या मुलीला असं सांगतं का?

२ फेब्रु., रवि.

नीट लिहिते, कारण हे विसरायचं नाहीये.

दुपारी अब्बा दुकानात. मी हॉलमध्ये लॅपटॉपवर क्लिप कापत होते. हेडफोन लावलाय असं वाटत होतं, पण पिन अर्धी बाहेर होती. अम्मी समोर पेपरवर मेथी निवडत बसलेली. मशीन म्हणालं, जाशील कुटं, पुढं समदा चंद्रच हाय. मी बंद करायला धावले.

त्याआधीच अम्मी बोलली. मेथीवरून नजर न उचलता. त्याच ठसक्यात, त्याच आवाजात, फक्त थोडा जाड झालेल्या:

“मंग चंद्रावर ऱ्हाईन. तुझ्याजवळ न्हाई.”

आणि लॅपटॉपमधली बाई तिच्यामागून तेच म्हणाली.

मी तेवीस वर्षं हा आवाज ऐकतेय आणि मला ओळखता आला नाही. मी तर अब्बांचे खिसे तपासायच्या बेतात होते.

मग तिने सांगितलं. तिचं माहेर दुकानाच्या मागेच होतं. ती बारावीत, इंग्रजीत वर्गात पहिली. अब्बांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. लोक इंग्लिश कॅसेट घरी न्यायचे आणि तासाभरात परत आणून द्यायचे, काय बोलत्यात कळंना म्हणून. अब्बांनी तिला विचारलं, हे काय म्हणतायत ते सांगशील का. तिने वहीत लिहून दिलं. अर्धं ऐकून, अर्धं डिक्शनरीतून, उरलेलं मनाने. मग बाईचं कोण बोलणार? ती म्हणाली मीच बोलते. तीन दुपारी लागल्या. नानी दारात सुपारी कातरत बसायची. तिला वाटायचं शिकवणी चाललीय.

कॅसेट घरोघर फिरली. एका घरी नाना जेवायला गेले होते. टीव्हीवर त्यांची मुलगी परपुरुषाबरोबर हसत होती.

नाना आठ दिवस जेवले नाहीत. दोघांचं लग्न ठरलं ते तेव्हाच, घाईघाईत. नानांनी एकच अट घातली. ही कॅसेट पुन्हा वाजणार नाही, दोघांनी शब्द द्या. दोघांनी दिला. अब्बांनी फडताळातून काढली, पण फेकली नाही. हे अम्मीला आज कळलं.

म्हणजे अब्बा खोटं बोलत होते ते यासाठी. मी तोंड लपवायला मेथी निवडायला घेतली.

मग मी ते सांगितलं. अब्बा म्हणाले, होती एक, लई बोलायची.

अम्मीचे हात थांबले. “असं म्हणाले?” मी म्हटलं, हो. तिने पुन्हा निवडायला घेतलं. मेथीच्या काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होती, मी पाहिलं.

६ फेब्रु., गुरु.

घरात भांडण नाही. जेवताना अम्मीने अब्बांना अचानक विचारलं, तुम्हाला ती आवडायची का मी आवडते? अब्बांचा घास हातातच. म्हणाले, “एकच तर हायेत.” अम्मी म्हणाली, नाही, एक नाहीयेत. लग्नानंतर नानांनी मला सांगितलं होतं, हळू बोलत जा. मी हळू बोलत गेले. तुम्ही कधी म्हणालात का, नको हळू बोलूस म्हणून?

अब्बा उठले. ताट धुऊन ठेवलं स्वतःचं.

८ फेब्रु., शनि.

ग्रुपवर फक्त लेबलचा फोटो टाकला. अ‍ॅडमिन: अक्षर कोणीही काढेल. आवाज दे. मंगळवार शेवटचा.

अम्मीला विचारलं. तीस सेकंदांची क्लिप, नाव नाही, गाव नाही. नको म्हणाली. मी म्हटलं, नाना जाऊन बारा वर्षं झाली. म्हणाली, शब्द त्यांना दिला होता, ते गेले म्हणून संपत नाही. मग म्हणाली, आणि शाळेतले पालक? पौडच्या बाईंना मशीनबरोबर हसताना ऐकतील.

अब्बांना विचारलं. ते म्हणाले टाक. “जगाला कळू दे कशी बोलायची.” बोलायची म्हणाले, बोलते नाही. अम्मी आत होती. तिने ऐकलं, कारण भांड्यांचा आवाज बंद झाला.

मला वाटतं अब्बांना ती क्लिप जगासाठी नकोय. त्यांना ती घरात परत वाजायला हवीय. आणि मला वाटतं अम्मीलापण हे कळलंय, म्हणून तिचा नकार वाढलाय. पण मी गेला महिनाभर जे जे ओळखलं ते सगळं चुकलंय, तेव्हा माझं सोडा.

१० फेब्रु., सोम.

क्लिप तयार आहे. तीस सेकंद. नाही टाकली तर उद्या संध्याकाळी यादी जाणार, तेरा पण आणि चौदावी पण.

आज शाळेतून आल्यावर अम्मीने पर्स न ठेवताच विचारलं, पूर्ण पिक्चर लॅपटॉपवर आहे का? मी म्हटलं, आहे. म्हणाली, लाव. मी म्हटलं, शब्दाचं काय? म्हणाली, एकटी बघतेय, आवाज कमी कर. दार लोटून घेतलं. मी बाहेर बसून हे लिहितेय. आतून सुरुवातीला काहीच नव्हतं. मग एकदा हसू आलं. कॅसेटमधलं का खोलीतलं, ओळखू आलं नाही.

अब्बा दुकानातून आलेत. चप्पल काढून माझ्याशेजारी बसलेत, दाराकडे बघत. विचारत नाहीत, आत जात नाहीत.

एकच कॉपी, पण अख्ख्या गावात घरोघर फिरलेली, आणि अजून लोकांच्या तोंडात बसलेली. माझ्या हिशेबात हा रिलीज आहे. पण ज्या बाईने तो केला ती नको म्हणतेय, आणि जो माणूस टाक म्हणतोय तो दाराबाहेर बसलाय. ही वही कधी कोणी वाचलीच तर खरं सांगा: जो आवाज सगळ्या पिरंगुटाने ऐकलाय, तो आता नको म्हणायचा अम्मीला हक्क आहे की नाही? तुम्ही माझ्या जागी असता, तर उद्या काय केलं असतं?