गणपतीसमोर हळू होणारी स्कूटर

गुरुवार, संध्याकाळ

उद्या कॉलेजात मी बनवलेला गेम दाखवायचाय आणि आज आईने तो बिघडवला. की सुधारला? कळत नाहीये.

बुधवार पेठेतून स्कूटर पळवायची, गर्दी चुकवत मंडई गाठायची, एवढाच माझा गेम. आई मस्त खेळत होती. गणपतीचं देऊळ आलं आणि तिने कीबोर्ड सोडून हात जोडले. स्कूटर थेट टेम्पोवर! दुसऱ्यांदाही तेच.

मी वैतागलो. "अगं आई, चालवताना हात कसले सोडतेस?"

"मी कुठे चालवली रे कधी? मी मागे बसायचे. माझा नमस्कार होईपर्यंत तुझे बाबा गाडी हळू करायचे."

मी लहानपणी पुढे उभा असायचो. मला वाटायचं, गर्दीमुळे हळू करतात. बाबा असताना एकदा तरी विचारायला हवं होतं.

लगेच कोड बदलला. आता देवळापाशी कीबोर्डवरून हात सुटले की स्कूटर आपोआप हळू होते. रेसमध्ये असं चालतं का? सर मार्क कापतील. कापू देत.

आईला परत खेळायला बसवलं. तिने हात जोडले, डोळे मिटले. स्कूटर हळू झाली. डोळे उघडून, माझ्याकडे न बघता, स्क्रीनलाच हळूच म्हणाली, "अहो, झालं माझं. चला."