पश्चिमेचा कोपरा

यांगझोउ,
नवव्या महिन्याची नवमी

प्रिय वानचिंगताई,

तू बरी असशील. इकडे पारिजातासारखा बारीक मोहोर घेऊन ओस्मँथसची झाडं घमघमतायत. आज सणाच्या तांदळाच्या वड्या आणल्या. त्यांवर खोचलेला कागदी झेंडा आईने पुसून तुझ्यासाठी ठेवलाय. तू आता पन्नाशीला आलीस, हे तिला कोण सांगणार?

आई ठीक आहे. म्हणजे, वसंतात न्हाणीघरात पडली होती. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकेना. डॉक्टर म्हणाले, ताइची पुन्हा सुरू करा, नाहीतर अंथरूण धरतील. म्हणून रोज सकाळी तिला तळ्याकाठी नेते.

गटातले छ्यूकाका तिच्या शेजारी उभे राहतात. "वहिनी, तोल गेला तर बिनधास्त माझ्यावर पडा."

"त्यापेक्षा तळ्यात पडेन. तिथलं पाणी तरी स्वच्छ आहे."

आई हसते, हात हलवते. पण सगळे पश्चिमेकडे वळले की थांबते. आम्हाला वाटायचं, गुडघे. मग लक्षात आलं. तुला माहीतच आहे, नवख्यांना मधे घेऊन चारी कोपऱ्यांत जाणती माणसं उभी करतात. म्हणजे कुठेही वळलं तरी पुढे कुणाची तरी पाठ दिसते. पश्चिमेचा कोपरा बाबांचा. ते गेल्यापासून मंडळींनी तो मोकळाच ठेवलाय. छ्यूकाका उभे राहायला निघाले, तर आई म्हणाली, "राहू द्या. थोरली येईल."

बाबांच्या वेळी तू का आली नाहीस, ते विचारायचं नाही असं मी ठरवलंय.

काल मीच त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. सगळे वळले. मागून आईच्या कापडी जोड्यांचा आवाज आला. वळली, ताई! कुणाचा हात न धरता.

"मागून अगदी वानचिंग दिसतेस," ती म्हणाली. "पण तिचे खांदे असे वर चढलेले नसतात. सोड जरा."

मी खांदे सोडले. पुढची हालचाल मला आठवेना. मी आजवर दुसऱ्यांच्या पाठी बघूनच केलंय, आणि आता माझ्यापुढे नुसतं तळं. सगळे माझ्यामागे थांबून राहिले. आईसुद्धा, एका पायावर भार देऊन. ती फार वेळ तशी उभी राहू शकत नाही गं.

पुढे उभं राहून करायला बाबांनी फक्त तुला शिकवलं होतं.

तुझ्या जागेवर तात्पुरती उभी,
पेइयु